‘सर’ : एका शब्दाची चार घराणी

मराठीतील अरबी-फारसी शब्दांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच यादी सुरू होते. कागद, दुकान, वकील, जमीन, जबाब, हिशेब. मुस्लिम मराठी लेखकांच्या व्यासपीठावर ही यादी अभिमानाने वाचली जाते : पाहा, मराठीला आमच्याकडून काय काय मिळाले. भाषाशुद्धीच्या व्यासपीठावर तीच यादी हळहळत वाचली जाते : पाहा, मराठीत काय काय घुसले. वाचणारे दोघे एकमेकांच्या विरोधात उभे असले तरी यादी एकच असते. यादीमागचे गृहीतही एकच असते. ते असे, की शब्द जिथून आला तिथल्यांचाच तो. बाकीच्यांनी तो एक तर उसना घेतला किंवा मुकाट्याने सोसला. हे गृहीत कितपत टिकते ते पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी लांबलचक यादीऐवजी आम्ही एकच शब्द घेतो. तो दोनच अक्षरांचा आहे : सर. आणि कोशांकडे वळण्याआधी तो एका गावात बोलला जाताना पाहू.

गाव आहे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील घोटावडे. पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटजवळ घोटावडे फाटा लागतो. तिथून आत वळले की गाव येते. एकीकडून हिंजवडीचा संगणकी पसारा जवळ येत चाललेला, दुसरीकडून ताम्हिणीवरून उतरणारा पाऊस आणि भाताची खाचरे. शहर आणि मावळपट्टी यांच्या सांध्यावरचे असे गाव शब्दांच्या अभ्यासाला सोयीचे असते. जुने शब्द तिथून अजून उठून गेलेले नसतात आणि नवे येऊन ऐसपैस बसलेले असतात. गावाच्या नावाचाच अर्थ लावू म्हटले तर हौशी माणूस पाण्याचा घोट, पायाचा घोटा आणि औषध घोटणे हे तिन्ही पुढे करील. उच्चार जुळला म्हणून नाते जुळतेच असे नाही, हा धडा गावाच्या पाटीपाशीच घ्यावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आषाढात अशा गावात दिवसभर कान उघडे ठेवून फिरावे. पावसाची एक जोरदार सर येऊन जाते. शाळेत पोरे ‘सर आले, सर आले’ म्हणत वर्गात पळतात. ग्रामपंचायतीत सरपंच कुठे गेले याची चौकशी चाललेली असते. सातबाऱ्यावर कुठली जमीन सरकारी आणि कुठली खासगी यावर चर्चा होते. एखादी म्हातारी नातसुनेला मोत्यांचा सर दाखवते आणि लगेच म्हणते, जुन्या घडणीची सर नव्याला नाही. सुट्टीला आलेली तरुण मुले घनगड सर करून आल्याचे सांगतात. वाटेत बसलेल्या वासराला ‘सर बाजूला’ म्हणून ढकलले जाते. लावणीचे दिवस सरले, असे कोणी म्हणतो. आणि अशाच गावातल्या एखाद्या मुसलमानाच्या घरात आई कपाळाला हात लावून ‘सर दुखता है’ म्हणते, तेव्हा ती पावसाविषयी बोलत नसते आणि शिक्षकांविषयीही नाही. तिचे डोके दुखत असते.

इतके अर्थ एकाच उच्चारात राहतात आणि तरी गावात कुणाचा घोटाळा होत नाही. याचे श्रेय मराठीच्या व्याकरणाला दिले पाहिजे. ती सर पावसाची. तो सर मोत्यांचा. ते सर शाळेतले, आदराने अनेकवचनात. पावसाची सर अनेकवचनात ‘सरी’ होते. मोत्यांचा सर अनेकवचनातही ‘सर’च राहतो, म्हणूनच आपण ‘दोन सरांची माळ’ म्हणतो. ‘त्याची सर येणार नाही’ मधली सर पुन्हा स्त्रीलिंगी आहे, पण तिला अनेकवचनच नाही. गड ‘सर’ होतो तेव्हा त्या शब्दाला लिंगही नाही आणि वचनही नाही. तो ‘करणे’ आणि ‘होणे’ या क्रियापदांचा हात धरूनच चालतो. पहिली-दुसरीतल्या मुलाला हे कुणी शिकवलेले नसते, पण तो यातले काहीही चुकत नाही. आमच्या मते भाषेवरचा हक्क असतो तो हा. तो मुलाच्या जिभेवर असतो. शब्द कुठून आला हे त्याला नंतर कळेल किंवा कधीच कळणार नाही. त्याने त्याचा हक्क कमी होत नाही.

आता कुळांकडे वळू. या सगळ्या ‘सर’ शब्दांची मुख्य घराणी चार आहेत.

पहिले घराणे संस्कृत ‘सृ’ या धातूचे. सृ म्हणजे सरकणे, वाहणे, पुढे जाणे. सरणे, सरकणे, सरिता ही त्याचीच मंडळी. वासराला म्हटलेले ‘सर’ आणि दिवसांचे सरणे इथलेच. माळ या अर्थाचा ‘सर’ संस्कृतातही आहे. थेंबामागून थेंब येणारी पावसाची सर आणि मोत्यामागून मोती ओवलेला सर यांचे वाहतेपण कुणाच्याही डोळ्यांना दिसावे.

दुसरे घराणे ‘सदृश’ या शब्दाचे. सदृश म्हणजे सारखा दिसणारा. प्राकृतात त्याचे ‘सरिस’ झाले. मराठीतला ‘सारखा’ हा याच कुळातल्या ‘सदृक्ष’ या रूपापासून आला. ‘त्याची सर याला नाही’ म्हणजे त्याच्याशी सारखेपणा नाही, बरोबरी नाही. म्हणजे म्हातारीच्या एकाच वाक्यात आलेले दोन्ही ‘सर’ अस्सल देशी आहेत आणि तरीही त्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही. मोत्यांचा सर वाहण्यातून आला, बरोबरीची सर दिसण्यातून आली. उच्चार झिजत झिजत दोघे एका उंबरठ्यावर येऊन उभे राहिले इतकेच.

तिसरे घराणे फारसी ‘सर’चे. अर्थ डोके, आणि त्यावरून मुख्य, वरचा, प्रारंभीचा. मराठीत या घराण्याचा विस्तार सर्वांत मोठा आहे. सरकार, सरदार, सरनोबत, सरलष्कर, सरसुभेदार, सरदेशमुख, सरहद्द, सरंजाम, सरबराई, सरासरी, सरचिटणीस, सरपंच. गड सर करणे हाही फारसी-उर्दूच्या वाटेने आलेला वाक्प्रयोग आहे. उर्दूत मोहीमही ‘सर’ केली जाते. आणि मुसलमान घरातल्या आईचे दुखणारे ‘सर’ याच घरातले, फक्त ते उपसर्ग होऊन दुसऱ्या शब्दाला चिकटलेले नाही. मराठी शब्दांत जे बांधून गेले आहे ते तिच्या बोलीत अजून सुटे, जिवंत आहे.

चौथे घराणे इंग्रजी. शाळेतले सर. इंग्रजीतला हा शब्द जुन्या फ्रेंचमार्फत लॅटिन ‘सिनिअर’ म्हणजे वडीलधारा या शब्दापर्यंत जातो. इंग्रज अमदानीत तो किताब म्हणून आला. सर सय्यद अहमद खान, सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा नावांपुढे तो बसला. १९१९ साली जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर रवींद्रनाथांनी तो परत केला. स्वातंत्र्यानंतर किताब गेला, हाक उरली. गुरुजी, मास्तर, पंतोजी या सगळ्यांना मागे सारून आज खेड्यातल्या शाळेतही ‘सर’च ऐकू येतात.

इथपर्यंत हिशेब सोपा दिसतो. दोन घराणी देशी, दोन परकी. यादीवाले इथे थांबतात. आम्हाला मात्र खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते असे वाटते.

१७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी (तेही एक ‘सर’च!) आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात सांगितले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतले साम्य योगायोगाने झालेले नाही, त्या एकाच मूळ भाषेतून आल्या असल्या पाहिजेत. जुन्या फारसीलाही त्यांनी याच कुटुंबात धरले. पुढच्या शतकात अभ्यासकांनी ध्वनिबदलांचे नियम शोधून हे सिद्ध केले. त्यांतला एक नियम असा, की ज्या मूळ ध्वनीचा संस्कृतात ‘श’ झाला त्याचा फारसीकडे बहुधा ‘स’ झाला. संस्कृत शत, फारसी सद. संस्कृत श्वेत, फारसी सफेद. आणि संस्कृत शिर, फारसी सर. दुसऱ्या एका नियमाने संस्कृतातल्या ‘स’च्या जागी फारसीत ‘ह’ येतो, म्हणून संस्कृत सप्त तर फारसी हफ्त. मावळातल्या कुठल्याही गावात हरिनामाचा सप्ताह असतो आणि पतसंस्थेचा हप्ताही असतो; दोन्हींच्या पोटात सातच आहेत.

म्हणजे ज्याला आपण परका म्हटले तो फारसी ‘सर’ संस्कृत ‘शिर’चा सख्खा भाऊ निघाला. त्याहून मौजेची गोष्ट शाळेतल्या सरांची आहे. लॅटिन ‘सिनिअर’ ज्या मुळातून आला त्याच मुळाचा संस्कृत शब्द आहे ‘सन’, म्हणजे जुना. ‘सनातन’ हा शब्द त्याच कुळातला. तेव्हा साहेबाच्या बोटीतून उतरलेले ‘सर’ आणि आपले ‘सनातन’ हे दूरचे का होईनात, पण नातलग आहेत. उलट मोत्यांचा सर आणि बरोबरीची सर हे एकाच गल्लीत जन्मलेले दोन देशी शब्द, त्यांच्यात रक्ताचा संबंध नाही. देशी-परकी या दोन खोक्यांत शब्द भरायचे ठरवले की अशी फजिती होते. शेजारी परके ठरतात आणि परके म्हणवणारे घरचे निघतात.

हे पंडितांना अठराव्या शतकाच्या अखेरीस समजू लागले. मराठी बोलणाऱ्या साध्या माणसाच्या कानाला मात्र ते फार आधी कळले होते, असे म्हणायला जागा आहे. फारसीत पगडीवर लावायच्या दागिन्याला ‘सरपेच’ म्हणतात. मराठीने तो शब्द घेतला आणि बहुतेक ठिकाणी त्याचा ‘शिरपेच’ करून टाकला. फारसी ‘सररिश्ता’चा आपल्याकडे ‘शिरस्ता’ झाला आणि कचेरीत ‘शिरस्तेदार’ बसला. फारसी ‘सरजोर’ मराठीत ‘शिरजोर’ झाला आणि थेट म्हणीत गेला : चोर तो चोर, वर शिरजोर. कुणी कोश उघडला नव्हता, ध्वनिबदलाचा नियम कुणाला पाठ नव्हता. ‘सर’ म्हणजे आपले ‘शिर’च, एवढे लोकांनी ओळखले आणि शब्द घरच्या मापाने बेतून घेतला. आता शिरपेच कुठल्या खोक्यात टाकायचा? शिर संस्कृत, पेच फारसी, आणि संपूर्ण शब्द मराठीशिवाय कुणाचाच नाही.

हा प्रश्न आम्ही कोशांच्या संदर्भात मुद्दाम विचारतो आहोत. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्यात शब्दाशेजारी तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी हे एका अक्षराने सुचवलेले असते. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२ ते १९३८) हीच पद्धत कंसातल्या खुणांनी पुढे नेली : सं., फा., अर. कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’ने (१९४६) तर हेच मुख्य काम मानले. या मंडळींचे कष्ट अफाट आहेत. त्यांच्या खुणा नसत्या तर हा लेखही लिहिता आला नसता. तक्रार कोशकारांविषयी नाही. तक्रार आहे ती कंसातल्या त्या अक्षराकडे पाहण्याच्या आपल्या नजरेविषयी. कोशकाराने तिथे प्रवासाची नोंद केली. वाचणाऱ्याने तो जातीचा दाखला समजला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन यांचे आहे. ते फारसीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांचा ‘फार्सी-मराठी कोश’ निघाला. मराठीत फारसीचा संसार किती खोलवर मांडलेला आहे हे त्यांच्याइतके बारकाईने फार थोड्यांनी पाहिले असेल. हेच माधवराव पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले आणि १९३८ साली त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध झाले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल शंका घेण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण शब्दांची यादी जितकी अचूक, तितके त्यातून काढलेले अनुमान अचूक असेलच असे नाही, एवढे तरी या प्रवासावरून दिसते. त्याच काळात, १९३३ साली, औरंगाबादहून मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावाबद्दल उर्दूत पुस्तक काढले. तिथे हीच सामग्री आनंदाने मांडलेली आहे. सामग्री एकच आणि निष्कर्ष दोन टोकांचे. पुढे डॉ. यू. म. पठाण यांनी बखरींतल्या फारसीचे स्वरूप अभ्यासले ते मात्र वेगळ्या वृत्तीने. बखरकाराने तो शब्द कुठे, कशासाठी वापरला, हे त्यांनी पाहिले. संतसाहित्याचा हा व्यासंगी अभ्यासक १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. आमच्या पिढ्यांसाठी अनुकरणीय वाट ती आहे, असे आम्हाला वाटते.

भाषाशुद्धीचा इतिहासही न्यायाने वाचला पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यकारभाराच्या शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रघुनाथपंतांकडून करून घेतला. पेशव्याचे पंतप्रधान झाले, मुजुमदाराचे अमात्य झाले, डबिराचे सुमंत झाले आणि सरनोबताचे सेनापती झाले. नवे सार्वभौम राज्य आपली मुद्रा आपल्या भाषेत पाडू इच्छिते, यात गैर काय? पण गंमत अशी, की पेशवा हा शब्द गेला नाही. पुढे तो सर्वांत बलाढ्य पदाचे नाव होऊन बसला. मराठ्यांनी दख्खनच्या सहा सुभ्यांवर जो हक्क सांगितला आणि १७१९ साली ज्याच्या सनदा मिळवल्या, त्याचे नाव ‘सरदेशमुखी’ होते. डोके फारसी, देश आणि मुख संस्कृत. मराठी सत्तेचा दावा या एकजीव शब्दात बोलत होता.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी पुढे जुने कागद घेऊन शब्द मोजले. १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांच्या नमुन्यांत मराठी शब्दांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे १४, ६२ आणि ९३ टक्के असल्याचे त्यांनी दाखवले. मराठीने शंभर वर्षांत कारभारात आपली जागा परत मिळवली, हे या आकड्यांतून कळते आणि ते महत्त्वाचे आहे. पण आकडे दरबारी कागदांचे आहेत, चावडीवरच्या आणि चुलीपुढच्या बोलीचे नाहीत. शिवाय मोजणीची ही रीतच शब्दाला एका रकान्यात बसायला भाग पाडते. सरदेशमुख तिथे कुठे बसवायचा आणि शिरपेच कुठे? विसाव्या शतकात सावरकरांनी चळवळ म्हणून जे शब्द रुजवले त्यांतले दिनांक, क्रमांक, महापौर आपण सगळेच वापरतो. ते चांगले शब्द आहेत आणि मराठीत त्यांची भर पडली. भर पडण्याला आमचा विरोध कधीच नव्हता. घरातल्या माणसाला ‘तू मूळचा कुठला?’ असे रोज विचारण्याला आहे.

आणि ‘सर’ने या विचारण्याला कधी दाद दिलेली नाही. १९२५ साली नागपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघात सर्वोच्च पदाचे नाव ‘सरसंघचालक’ आहे आणि त्यानंतरच्या पदाचे ‘सरकार्यवाह’. हे आम्ही टोमणा म्हणून लिहीत नाही. ज्यांनी ही नावे ठेवली ते मराठी बोलणारे होते आणि मराठीत ‘मुख्य’ या अर्थी सहज तोंडी येणारा उपसर्ग त्यांनी वापरला. त्यांच्या जिभेने ‘सर’ आपला मानला होता. आमचे म्हणणे याहून वेगळे काय आहे?

पुन्हा मुळशीकडे येऊ, कारण या तालुक्याच्या इतिहासात एकदा दोन शब्द समोरासमोर उभे राहिले होते. १९२१ साली टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. मुंबईला वीज मिळावी म्हणून पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. एका बाजूला कंपनीचे प्रमुख सर दोराबजी टाटा. त्यांना १९१० साली ‘सर’ हा किताब मिळालेला. दुसऱ्या बाजूला पांडुरंग महादेव बापट. त्यांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटले. सरनोबताच्या जागी जो शब्द राज्यव्यवहारकोशाने आणला होता तोच अडीचशे वर्षांनी लोकांनी आपणहून एका निःशस्त्र लढ्याच्या पुढाऱ्याला दिला. धरण झाले, गावे गेली, ‘सर’ जिंकले म्हणावे लागेल. पण मुळशीत आजही आठवण निघते ती सेनापतींची. शब्दाला प्रतिष्ठा येते ती त्याच्या कुळामुळे येत नाही. तो कुणासाठी उभा राहिला यावरून येते. इंग्रजी ‘सर’ त्या दिवशी डोंगरातल्या भातशेतीच्या विरोधात उभा होता. तोच ‘सर’ आज खेड्यातल्या पहिल्या पिढीच्या मुलांना अक्षर शिकवणाऱ्या माणसाचे नाव आहे, आणि ते नाव आम्हाला प्रिय आहे.

अशा गावच्या ग्रामपंचायतीच्या पाटीवर आणखी एक शब्द असतो, ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही : उपसरपंच. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने तो राज्यभर नेऊन पोचवला. उप संस्कृत, सर फारसी, पंच पुन्हा संस्कृत. दोन संस्कृत शब्दांच्या मध्ये एक फारसी शब्द इतका निवांत बसला आहे, की त्याला तिथून उठवायचे तर पदच कोसळेल. संमिश्र संस्कृतीवर आपल्याकडे परिसंवाद होतात, ठराव होतात. ही पाटी ते काम रोज उन्हापावसात बिनबोभाट करते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत स्त्रियांना निम्म्या जागा राखून ठेवल्या गेल्या तेव्हा याच शब्दाने आणखी एक वळण घेतले. ‘ते सरपंच’ होते तिथे ‘त्या सरपंच’ आल्या. फारसी डोके आणि संस्कृत पंच यांच्या या जोडशब्दावर आता घुंगटातून बाहेर आलेल्या बाईचाही हक्क आहे. शब्दाच्या इतिहासातला हा ताजा अर्थ कुठल्याही व्युत्पत्तीपेक्षा आम्हाला मोलाचा वाटतो.

हे सारे आम्ही एका दुखऱ्या जागेसाठी लिहीत आहोत. मराठी मुसलमानाला आयुष्यात अनेकदा एक वाक्य ऐकावे लागते : तुमचे मराठी किती छान आहे हो! बोलणाऱ्याच्या मनात प्रेम असते. पण वाक्याच्या पोटात ते मराठी तुमचे नसायला हवे होते, असा एक अर्थ दडलेला असतो. सातशे वर्षे या मातीत राबणाऱ्या, गावगाड्यात मुलाणी म्हणून बलुते केलेल्या, शेख महंमदांसारखा संतकवी दिलेल्या समाजाला त्याच्याच भाषेबद्दल शाबासकी मिळते. आणि गंमत म्हणजे, मुसलमान माणूस सरकार, सरहद्द, सरासरी हे शब्द बोलला की तेच शब्द ‘तुमच्याकडचे’ होतात. म्हणजे मराठी छान बोलला तरी पाहुणा, आणि मराठीतले फारसी शब्द बोलला तरी पाहुणा.

या पेचातून सुटण्यासाठी आपल्यापैकी काही लेखक यादीचा आधार घेतात : आम्ही मराठीला इतके शब्द दिले, म्हणून मराठीवर आमचा हक्क. ही वाट आम्हाला धोक्याची वाटते. शब्द आणले ते सुलतानांच्या, मोगलांच्या आणि मराठ्यांच्याही दफ्तरांतल्या कारकुनांनी, आणि त्या कारकुनांत ब्राह्मण-प्रभूंची संख्या मोठी होती. मुळशीतल्या मुसलमान शेतमजुराने फारसी कधी वाचली नाही. त्याचा हक्क फारसीच्या देणगीवर उभा केला तर तो परक्याच पायावर उभा राहील, आणि उद्या कोणी ती देणगी परत करू म्हटले तर त्याच्या हाती काय उरणार? त्याचा खरा हक्क पावसाच्या सरीवरचा आहे. सर आली की बांध कुठे फुटतो हे त्याला कळते, चिखलणी कधी करायची हे तो जाणतो, आणि ते तो मराठीत जाणतो. मोत्यांचा सर, बरोबरीची सर, सरते दिवस हे सगळे ‘सर’ त्याचे आहेत. तसेच सरकार आणि सरपंच हे त्याच्या शेजाऱ्याचेही तितकेच आहेत. फारसी शब्दांपुरता मराठीचा एक कोपरा मुसलमानाला आणि उरलेले घर इतरांना, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही.

मुसलमान घरातल्या मुलाजवळ मात्र एक जास्तीची गोष्ट आहे आणि तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. त्याच्या आईचे ‘सर दुखता है’ त्याला ‘सरपंच’ या शब्दाचा अर्थ कोशाशिवाय सांगून जाते : पंचांचे डोके. शेजारच्या मुलाला ‘शिरपेच’ म्हटल्यावर शिर आपोआप कळते. दोघे एका बाकावर बसले तर एका शब्दाची दोन भावंडे समोर येतात. शाळेतल्या सरांनी एखाद्या पावसाळी तासाला हा खेळ मुलांबरोबर जरूर खेळावा. फळ्यावर फक्त ‘सर’ लिहावे आणि किती अर्थ, कुठले लिंग, कुठल्या वाक्यात, हे मुलांनाच सांगू द्यावे. व्याकरण, इतिहास आणि शेजारधर्म यांचा एकत्र तास याहून स्वस्तात होणार नाही.

आणि आमच्या लेखकबंधू-भगिनींना विनंती, की याद्या आता पुरे. एकेक शब्द घेऊन त्याचा असा संसार मांडावा. भाव ठरवणारा दर आणि ‘दरसाल’मधला दर, सोसलेले हाल आणि लग्नाचा हॉल, आठवड्याचा वार, कापड मोजायचा वार आणि ‘तपशीलवार’मधला वार : पुष्कळ काम बाकी आहे. कोशातल्या कंसात ‘फा.’ दिसला की अभिमान नको आणि संकोचही नको. तो शब्द कोणत्या दरवाजाने आत आला एवढेच तिथे लिहिले आहे. आत येऊन त्याने काय केले, हे लिहायचे काम कोशाचे नाही. ते आपले आहे.